औषधाचा धोका तिच्यापर्यंत नेमका पोचावा म्हणून: पत्रक आणि स्टिकर करणाऱ्यांसाठी

पोट पुढे आलेल्या बाईची आकृती, भोवती लाल वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ. गर्भाला अपाय करणाऱ्या औषधावर एवढं छापलं की इशारा दिला गेला, असं चित्र काढणाऱ्याला वाटतं. अमेरिकेत हे चिन्ह बायकांना दाखवून अर्थ विचारला, तेव्हा काही जणींनी सांगितलं की ही गोळी घेतली की दिवस राहत नाहीत. नेमका उलटा अर्थ. ज्या औषधासोबत गर्भनिरोधक वापरणं अत्यावश्यक, त्या औषधालाच त्या गर्भनिरोधक समजल्या.

ही झाली एक चूक. दुसरी तितकीच घातक आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इशारा दिसतो, बाई घाबरते आणि कुणालाही न विचारता गोळी बंद करते. फिट्सचं औषध असं एका दिवसात थांबवलं तर झटके परत येतात, जिवावरही बेततं. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न हाताशी ठेवा. तिला धोका दिसला का? आणि तो पाहून ती घाबरून भलतंच काही करून बसणार नाही ना?

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधासोबत जाणारं पत्रक, डबीवरचं जादा स्टिकर, दवाखान्यातला तक्ता, मोबाइलवर पाठवायचं चित्र, सगळ्याला हीच पद्धत लागू पडते. कंपनीच्या मंजूर लेबलात मात्र काही बदलायचं नाही. आपलं काम त्याच्या जोडीला असतं.

टप्पा १: आधी तिची कृती लिहा

संगणक उघडू नका. एका कोऱ्या कागदावर लिहा: "हे पाहिल्यावर ती ______." ही जागा एकाच कृतीने भरा. "तिला धोक्याची जाणीव होईल" हे उत्तर बाद, कारण जाणीव झालेली बाई काय करते ते त्यातून कळत नाही. "पाळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करेल" हे चालेल. "झोपेची गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुस्ती असेल तर गाडी चालवणार नाही" हेही चालेल.

मग डॉक्टर किंवा फार्मासिस्टसमोर बसून पुढची माहिती लेखी घ्या:

– गर्भ राहण्याआधी, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पाजताना धोका वेगवेगळा आहे का? ही तीन वेगळी उत्तरं असतात. एकाच ओळीत कोंबली की तिन्ही चुकतात.
– औषध संपल्यावर किती काळ दिवस राहू द्यायचे नाहीत? मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनच्या बाबतीत शेवटच्या गोळीनंतरही एक महिना.
– गर्भनिरोधक गोळीचा परिणाम या औषधाने कमी होतो का? क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन यांनी होतो.
– स्त्रियांसाठी डोस वेगळा आहे का? झोल्पिडेम हे झोपेचं औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने (एफडीए) जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला साधा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला.
– औषध अचानक थांबवलं तर काय होतं?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: एका चित्रात एकच कृती. तीन कृती सांगायच्या असतील तर तीन चित्रं करा, किंवा सर्वांत महत्त्वाची निवडून बाकीच्या मजकुरात घ्या.

टप्पा २: आकडे एकाच छेदावर आणा

"धोका दुप्पट होतो" हे वाक्य खरं असूनही नुकसान करू शकतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळी सोडली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. म्हणजे इशाऱ्याने बायकांना कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे ढकललं. सांगितलेला आकडा बरोबर होता, तो कशातला हे मात्र सांगितलं गेलं नाही.

म्हणून तीन गोष्टी करा.

आधी मूळ धोका शोधा, म्हणजे औषध न घेताही किती जणींना हा त्रास होतो. संयुक्त, म्हणजे दोन हार्मोन असलेल्या, गर्भनिरोधक गोळ्यांबाबत युरोपीय औषध नियामकाचे आकडे असे आहेत: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे २ जणींना गुठळी होते. लेवोनॉर्जेस्ट्रेल हा हार्मोन असलेली गोळी घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांपैकी ५ ते ७, आणि ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेली घेणाऱ्यांपैकी ९ ते १२.

मग सगळे आकडे एकाच छेदावर लिहा. एका ओळीत "५,००० पैकी १" आणि खाली "१,००० पैकी १" असं लिहिलं की वाचणाऱ्याला पहिला आकडा मोठा वाटतो, कारण नजर ५,००० वर जाते.

आणि काळ लिहा. "वर्षभरात" हा शब्द गळला तर १२ हा आकडा एका गोळीमागे आहे की आयुष्यभरात, हे कुणालाच कळणार नाही.

"क्वचित", "सामान्यतः" असे शब्द एकटे सोडू नका. युरोपातल्या औषध-पत्रकांत "सामान्य" दुष्परिणाम म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना होणारा. साधा वाचक त्याचा अर्थ बराच मोठा घेतो. शब्द हवाच असेल तर आकडा त्याला चिकटून असू द्या.

तपासा: प्रत्येक आकड्यासमोर चार खुणा झाल्या का? कितीपैकी, किती काळात, औषध न घेता किती, आणि आकडा कुणी तपासून दिला.

टप्पा ३: प्रश्नाप्रमाणे आकृती निवडा

इथे बरेच जण आवडीचा साचा उघडतात आणि मजकूर त्यात बसवतात. तसं नको. तिचा प्रश्न कोणता आहे ते पाहा.

"किती जणींना?" असा प्रश्न असेल तर ठिपक्यांची चौकट. १०० ठिपके, १० ओळी, प्रत्येकीत १०. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटचं उदाहरण घ्या. हे औषध गरोदरपणात घेतलं गेलं तर १०० बाळांपैकी सुमारे ११ बाळांत जन्मतः शारीरिक व्यंग आढळतं, एरवी २ ते ३ बाळांत. दोन चौकटी शेजारी-शेजारी, मापं सारखी, रंगवलेले ठिपके दोन्हींत एकाच कोपऱ्यापासून सलग. ठिपके विखुरले की मोजता येत नाहीत आणि नुसती भीती वाटते. न रंगवलेले ठिपके पुसट करून गायब करू नका. ८९ बाळांना व्यंग नाही, हाही त्याच माहितीचा भाग आहे. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत मात्र इथे थांबलात तर माहिती अर्धी राहते. १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येऊ शकतात. त्याची चौकट वेगळी काढा आणि पहिलीच्या बेरजेत धरू नका, कारण एकाच मुलात दोन्ही असू शकतं.

गुठळीच्या आकड्यांना १०,००० ठिपके लागतात. ए-फोर कागदावर १८ सेंटिमीटरच्या चौकोनात १०० बाय १०० ठिपके बसतात, दोन ठिपक्यांच्या मध्यांत १.८ मिलिमीटर अंतर राहतं. अशा दोन चौकटी शेजारी मावत नाहीत, म्हणून एकच काढा. औषध न घेताही ज्यांना गुठळी झाली असती ते २ ठिपके काळे. गोळीमुळे वाढणारे जास्तीत जास्त १० ठिपके त्यांना लागून, दुसऱ्या रंगात. ठिपके बारीक दिसतात म्हणून मोठे करायचा मोह होतो. करू नका, तिथेच चित्र खोटं होतं. बाहेरून एक रेघ आणून तिच्या टोकाशी आकडा लिहा.

"कधीपासून कधीपर्यंत?" याला आडवी काळपट्टी. आयसोट्रेटिनोइनसाठी तीन भाग पुरतात: सुरू करण्याआधी, औषध चालू असताना, संपल्यावर एक महिना. तिसरा भाग दुसऱ्याच्याच रंगात रंगवा. फिका केलात तर नियम तिथे सैल झाला असं वाटतं.

"कितीदा?" हा प्रश्न सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यात सोमवार ते रविवार असे सात चौकोन होते, बुधवारचा निळा आणि त्यात गोळी. पत्रक पाहणाऱ्या एका आजींनी सोमवारवर बोट ठेवलं, मग मंगळवारवर, आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे रोज एक, आणि बुधवारी निळी." सात चौकोन पाहिले की रोजचं वेळापत्रकच डोळ्यांसमोर येतं. नंतर सहा चौकोन काढूनच टाकले. उरला एक मोठा चौकोन, त्यात वाराची मोकळी जागा, फार्मासिस्टने तिच्यासमोर पेनने भरायची. खाली ओळ: "फक्त या वारी. बाकी सहा दिवस ही गोळी नाही."

दोन औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम चित्रात काढायच्या फंदात पडू नका. गोळी, बाण, गोळी, फुली अशी साखळी मी अनेक प्रकारे करून पाहिली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी "दोन्ही एकत्र घ्या" असं वाचलं. ते शब्दांतच लिहा.

टप्पा ४: चिन्ह काढताना

वरच्या पोटुशा आकृतीकडे परत येऊ. तिच्यात आणखी एक दोष आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना तोवर दिवस राहिल्याचं माहीतही नसतं. जे औषध याच काळात घात करतं, त्यावर सातव्या-आठव्या महिन्याचं पोट काढलं तर नेमकी जिला सांगायचं ती म्हणते, "हे माझ्यासाठी नाही." तिला ओळखीचं वाटेल ते दाखवा: पाळीच्या तारखेला प्रश्नचिन्ह असलेलं कॅलेंडर, किंवा गर्भचाचणीची पट्टी.

काही नियम मी आता मोडत नाही. फुलीखाली माणूस ठेवायचा नाही. नकार कृतीवर असावा, बाईवर नव्हे. चिन्ह एकटं ठेवायचं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून औषधांच्या खोक्यांवर गरोदरपणाचं चिन्ह येतं, तेही शब्दांसोबतच. कवटी, रक्त, रडणारं बाळ नको. भेदरलेली बाई पत्रक उलटं ठेवते किंवा गोळ्या फेकून देते. आणि प्रत्येक बाईला "माता" म्हणायचं नाही. मुरुमांचं औषध घेणारी १९ वर्षांची मुलगी त्या शब्दाशीच वाचायची थांबते.

टप्पा ५: शब्द, आणि "नका" ची जागा

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. डिझाइन करताना ही गोष्ट हमखास निसटते. अरुंद स्टिकरवर पहिली ओळ "दिवस राहिले असल्यास ही गोळी घेऊ" अशी संपते आणि "नका" दुसऱ्या ओळीवर, कडेला, एकटा पडतो. स्टिकर गोल डबीवर गुंडाळलं की तो मागेच जातो. समोर उरतं, "ही गोळी घेऊ".

उपाय: "घेऊ नका" यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा टाका आणि ते दोन शब्द ठळक करा. त्याहून बरं म्हणजे वाक्यच उलटवा: "घेऊ नका: दिवस राहिले असतील किंवा शंका असेल तर." बोलताना आपण असं म्हणत नाही, पण डबीवर हेच सुरक्षित आहे.

"वर्ज्य", "निषिद्ध", "प्रतिकूल परिणाम", "स्तनदा" हे शब्द काढा. "अंगावर पाजत असाल तर", "पाळी चुकली असेल तर", "पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर" असं लिहा. शेवटी पुढे काय करायचं ते आणि फोन क्रमांक. इशारा आहे पण पुढची वाट नाही, असं पत्रक भीती देऊन मोकळं होतं.

सावधान: अचानक थांबवण्यात धोका असेल तर "स्वतःहून बंद करू नका, आजच डॉक्टरांशी बोला" ही ओळ इशाऱ्याच्याच चौकटीत, त्याच आकारात हवी. तळाला बारीक अक्षरांत नको.

टप्पा ६: अक्षर, आकडे, रंग

युरोपीय मार्गदर्शिकेत पत्रकासाठी किमान ९ पॉइंट अक्षर सांगितलं आहे, पण ते रोमन लिपीसाठी. देवनागरीत वर मात्रा-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. मी पत्रकात १२ पॉइंटच्या खाली उतरत नाही आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवते. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वाराला भिडतो.

आकड्यांत मोठा सापळा आहे. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ५ घाईत इंग्रजी चारसारखा. गोळीच्या पाकिटावर ताकद इंग्रजी आकड्यांत छापलेली असते. पत्रकात डोस लिहिताना पाकिटावरच्याच आकड्यांत लिहा आणि शेजारी अक्षरी: "एक गोळी", "अर्धी गोळी". एका कागदावर दोन प्रकारचे आकडे मिसळू नका.

रंगांधळेपणा स्त्रियांत पुरुषांपेक्षा बराच कमी असतो. त्यापेक्षा चाळिशीनंतर जवळचं न दिसणं आणि झेरॉक्स यांचा विचार आधी करा. लाल ठिपका झेरॉक्समध्ये करडा होतो. रंगासोबत आकारही बदला, भरीव आणि पोकळ. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक वेब-सुलभतेच्या मानकाप्रमाणे किमान ४.५ ला १ ठेवा. पिवळ्यावर पांढरं, गुलाबीवर लाल यात नापास होतात. बायकांसाठी म्हणून सगळं गुलाबी करायचं तर मुळीच कारण नाही. इशारा जाहिरातीसारखा दिसू लागतो.

टप्पा ७: कुठे लावायचं

खोकं घरी पोचताच फेकलं जातं, पाकीट कापून दिलं जातं. जे रोज हातात येतं त्यावर इशारा हवा. बाहेरच्या पिशवीवर गर्भाचं मोठं चित्र नको. ही बाई कोणतं औषध घेते, तिला दिवस राहू शकतात का, हे इतरांनी वाचायचं कारण नाही. औषध आणायला अनेकदा दुसरंच कुणी जातं, म्हणून पत्रक घडीत, मजकूर आतल्या बाजूला.

टप्पा ८: चाचणी

वेळ कमी पडला तर बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

"समजलं का?" विचारू नका. उत्तर नेहमी "हो" येतं. पत्रक हातात द्या, गप्प बसा, मग विचारा: "हे औषध तुमच्या बहिणीला दिलंय आणि तिची पाळी चुकलीय. तुम्ही तिला काय सांगाल?" बहिणीचं म्हटलं की उत्तर मोकळेपणाने येतं, परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. बोट कुठे थांबतं, कागद कधी उलटते, हेही टिपा.

किती जणी? युरोपातल्या पद्धतीत १० जणांच्या दोन फेऱ्या होतात आणि २० पैकी १६ जणांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधून बरोबर देता यायला लागतं. सुरक्षा-चिन्हांसाठीचं अमेरिकन मानक आणखी कडक आहे: ८५ टक्के बरोबर, आणि नेमका उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. हा दुसरा अर्धा भाग विसरू नका. १० पैकी ९ जणी बरोबर आणि एकीने "मग ही गोळी घेतली की मूल राहत नाही" म्हटलं, तर ते चिन्ह नापास. "मला नीट कळलं नाही" म्हणणारी डॉक्टरांना विचारेल, उलटं समजलेली विचारणार नाही. म्हणून नोंदीत "चूक" आणि "उलट" असे दोन वेगळे रकाने ठेवा.

तिसरा रकाना "घाबरून बंद" असा करा. "मी तर फेकूनच देईन" असं कुणी म्हणालं की टप्पा ५ वर परत जा.

चाचणीला कार्यालयातल्या सहकारी, डॉक्टरांच्या घरचे, आधीचा मसुदा पाहिलेल्या, यांना बसवू नका. कमी वाचणाऱ्या आणि वयाने मोठ्या स्त्रिया प्रत्येक फेरीत हव्यात.

टप्पा ९: छपाई आणि आवृत्ती

छापखान्याकडे फाइल द्याल ती फाँटसह बंदिस्त केलेली द्या आणि प्रूफ स्वतः वाचा. जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, आणि ओळ नव्याने तुटून "नका" पुन्हा खाली जातो. स्टिकर असेल तर खऱ्या डबीवर चिकटवून डबी फिरवून पाहा. पत्रकाची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा, आणि हातभर अंतरावर धरून ठिपके मोजा.

कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक, महिना आणि वर्ष, आणि माहिती तपासणाऱ्याचा हुद्दा. हे आकडे बदलत असतात. व्हॅल्प्रोएटसाठी पूर्वी १०० पैकी १० लिहीत, आता ११. दर वर्षी एक तारीख ठरवून मूळ माहिती पुन्हा पडताळा. बदल झालाच तर नवी पत्रकं पाठवण्याआधी जुनी कुठल्या टेबलावर, कुठल्या खणात, कुणाच्या मोबाइलवर आहेत त्याची यादी करा आणि ती आधी काढून घ्या. दोन आवृत्त्या एकाच खणात राहिल्या, तर वरची संपल्यावर खालचीच दिली जाते.